मासेमारीची पहिली कयाक: रुंदी, वजन आणि पाणी

आर्क्टिक किनाऱ्यावरच्या इन्युइट आणि अल्यूट लोकांनी वाहून आलेल्या लाकडांच्या सांगाड्यावर सीलसारख्या सागरी प्राण्यांचे कातडे ताणून जी अरुंद, वरून झाकलेली नाव घडवली, ती शिकारीसाठी होती आणि शिकाऱ्याच्या अंगाच्या मापानेच बेतली जात असे. आज फ्लोरिडाच्या उथळ खाड्यांपासून कॅलिफोर्नियातील ला होयाच्या किनाऱ्यापर्यंत हौशी मासेमार जी कयाक वापरतात, तिने त्या मूळ नावेकडून दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे आणि एकट्याने नाव हाकण्याची रीत घेतली. बाकी रचना मात्र जवळजवळ उलटी केली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात टिम नीमियर यांनी रूढ केलेल्या ‘सिट-ऑन-टॉप’ प्रकारात माणूस नावेच्या पोटात बसत नाही, तर चहूबाजूंनी बंद असलेल्या पोकळ कवचाच्या माथ्यावर बसतो, आणि माथ्यावर आलेले पाणी कवचातून आरपार गेलेल्या उभ्या नळ्यांवाटे, म्हणजे ‘स्कपर’मधून, आपोआप खाली निघून जाते. अशी नाव उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही आणि पाण्यातून तिच्यावर पुन्हा चढता येते. म्हणून अंग भिजण्याची गैरसोय मान्य करूनही नवशिक्याने याच प्रकाराकडे वळावे, हे अनुभवाने पक्के झालेले मत आहे.

पुढचा प्रश्न स्थैर्याचा, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. स्थैर्य दोन प्रकारचे असते: सपाट पाण्यावर नाव किती कमी डुलते हे प्राथमिक स्थैर्य, आणि एका कुशीवर बरीच कलल्यानंतर ती उलटण्याला किती विरोध करते हे दुय्यम स्थैर्य. प्राथमिक स्थैर्य प्रामुख्याने रुंदीवर अवलंबून असते, आणि तेही सरळ प्रमाणात नव्हे. जलरेषेवरील पृष्ठभागाचा कलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लांबी तीच ठेवून २८ इंचांची रुंदी ३४ इंच केली, तर हा विरोध सुमारे १.८ पट होतो. कोकण किनाऱ्यावर खोडातून कोरलेल्या अरुंद होडीला उलांडी, म्हणजे आडव्या काठ्यांनी जोडलेला तरंगता ओंडका, बांधून मासेमारांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांनी होडी रुंद न करता आधारच दूर नेऊन ठेवला. कयाकमध्ये मात्र रुंदी नावेतच आणावी लागते, आणि तिची किंमत वल्हवणाऱ्याच्या खांद्यांना मोजावी लागते, कारण वल्हे अधिक लांब लागते आणि पाण्याचे घर्षणही वाढते. शिवाय रुंद आणि सपाट तळाची नाव पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. तळ्यात हा गुण ठरतो, पण बाजूने लाट आली की पृष्ठभागच तिरपा होतो आणि त्याबरोबर नावही कलते. दुकानात नावेवर उभे राहून आलेला विश्वास समुद्रात टिकतोच असे नाही, तो यामुळे. बैठक उंच केली की नजर दूर पोचते आणि पाठीला आराम मिळतो, पण गुरुत्वमध्य वर सरकतो. म्हणून वर-खाली करता येणारी बैठक नवशिक्याला विशेष उपयोगी पडते.

लांबीच्या बाबतीत १० ते १२ फूट ही मर्यादा बहुतेकांना पुरते. पाणी कापत जाणाऱ्या नावेच्या वेगाला जलरेषेवरील लांबीने घातलेली एक व्यावहारिक सीमा असते. ९ फुटांच्या जलरेषेला ती सुमारे ४ नॉट, तर १२ फुटांच्या जलरेषेला सुमारे ४.६ नॉट येते (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). फरक लहान दिसतो, परंतु आखूड नाव प्रत्येक वल्ह्यासरशी नाक वळवते आणि परतीच्या वाटेवर समोरून वारा आला की ते फार जाणवते. अरुंद ओढ्यात मात्र हीच वळण्याची सवय हवीशी असते.

खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचार वजनाचा होतो, आणि तो सर्वांत आधी व्हायला हवा. पॉलिएथिलीनची पूड साच्यात घालून, साचा तापवत व दोन अक्षांभोवती फिरवत घडवलेल्या या नावा खडकावर आपटल्या तरी सहसा फुटत नाहीत, पण त्या जड असतात. मासेमारीची १२ फुटी कयाक ३५ किलोच्या आसपास भरते, आणि पेडलची यंत्रणा व सामान धरून हा आकडा ५० किलोच्या पुढे सहज जातो. गाडीच्या टपावर एकट्याला चढवता येत नाही अशी नाव हळूहळू घरीच राहू लागते. भारक्षमतेचा हिशेबही सावधपणे करावा लागतो. छापील आकड्याच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा, असा अनुभवी मासेमारांचा संकेत आहे. ८० किलोच्या माणसाने २० किलो सामान नेल्यास किमान १४५ किलो क्षमता हवी, नाहीतर स्कपरमधून पाणी उलटे वर येऊन बैठकीखाली साचते.

१९९७ मध्ये होबी कंपनीने पाण्याखाली दोन पाती आडवी फडफडवत चालणारी पेडल-यंत्रणा आणली, पुढे इतरांनी पंख्याची यंत्रणा आणली, आणि गळाची दांडी धरायला हात मोकळे झाले. वाऱ्याच्या, खोल पाण्यात दिवसभर गळ ओढत नेणाऱ्याला ही सोय मोलाची आहे. तरीही पहिली नाव वल्ह्याचीच असावी: उथळ पाण्यात पाती तळाला टेकतात, शेवाळ अडकते, किंमत बरीच वाढते, आणि यंत्रणा बिघडली की शेवटी वल्हेच हाती घ्यावे लागते. दांडी अडकवण्याच्या खाचा, नांगराची दोरी पुढे-मागे सरकवणारी कप्पी, मासे शोधणारा ध्वनियंत्राचा पडदा ही जोडणी काही फेऱ्यांनंतर करावी. आधीच पाडलेली भोके पुढे चुकीच्या जागी निघतात.

जीवरक्षक जाकीट उंच पाठीच्या बैठकीत अडणार नाही असेच निवडावे आणि पाण्यावर असेपर्यंत ते अंगातच ठेवावे. नाव पक्की करण्यापूर्वी, भाड्याने घेऊन का होईना, उबदार व कमरेइतक्या पाण्यात ती मुद्दाम उलटवावी, सरळ करावी, आणि कडेवरून पोटावर सरपटत पुन्हा वर चढून पाहावे. हे थकल्यावर, ओल्या कपड्यांत आणि जाकीट घालून जमत नसेल, तर दुसरी नाव पाहावी.