माजघरापलीकडे इंटरनेट

‘संगणक दुसऱ्या खोलीत नेला आणि नेट गेले’ ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. जणू नेट म्हणजे पाळलेले मांजरच. माणसे हलली तरी ते जुन्या जागेलाच धरून बसते! उपमा गमतीची खरी, पण अगदीच चुकीची नाही. नेट संगणकात नसतेच. बाहेरची तार ज्या पेटीत येते त्या पेटीत, म्हणजे राउटरमध्ये, त्याचा मुक्काम असतो.

आमच्या मलकापुरातल्या जुन्या घरांत ही पेटी बहुधा सोप्यात बसते, कारण तार रस्त्याकडून येते. सोपा म्हणजे घराचा चव्हाटा. पाहुणे तिथेच टेकणार, चहा तिथेच, उसाच्या दराची चर्चाही तिथेच. माझी धाकटी बहीण बारावीला. तिला तासभर धडा ऐकायचा तर चार माणसांसमोर बसावे लागे आणि मध्येच ‘जरा क्रिकेट लाव’ म्हणून उठावेही लागे. म्हणून संगणक माजघरापलीकडच्या खोलीत न्यायचे ठरले. त्या खोलीला दार आहे, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

आता प्रश्न मधल्या भिंतींचा. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. वाय-फाय त्याच कुळातले. मात्र लहर भिंत ओलांडते ती फुकट नव्हे. प्रत्येक भिंत आपली जकात घेते. वीटभर जाडीची भिंत थोडी घेते. दगडमातीची दोन हात जाड भिंत पुष्कळ. त्यात शाहूवाडी तालुक्यातला पाऊस! ओल धरलेली भिंत लहरी अधिकच शोषते. लोखंडी कपाट, पत्रा व आरसा तर लहरींना परतवूनच लावतात. म्हणून अंतर किती यापेक्षा मध्ये काय आहे हे आधी पाहावे.

राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटिमीटर. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. आतल्या खोलीत पहिलीच निवडावी. शिवाय टेबलावरच्या अनेक संगणकांत वाय-फाय पकडणारा भागच नसतो. त्यासाठी यूएसबीच्या खाचेत बसणारा छोटा डोंगल काही शे रुपयांत मिळतो. तो संगणकाच्या पाठीमागे, भिंतीला चिकटून लावू नये.

लहर पुढे ढकलणारा रिपीटरही मिळतो. लोक तो नेमका नेट न येणाऱ्या खोलीतच लावतात! ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो निरोप पुढे काय सांगणार? तो अर्ध्या वाटेवर, जिथे लहर अजून बरी मिळते तिथे, लावावा. साध्या रिपीटरने वेग बराच घटतो, हेही ध्यानात असावे. मोबाइलचा हॉटस्पॉट अडीनडीला ठीक.

माझे मत विचाराल तर तारेला तोड नाही. आठ बारीक तारांची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. आपले घर ते केवढे! एक टोक राउटरमध्ये, दुसरे संगणकात. पासवर्डचीही गरज नाही. आम्ही ती तुळईवरून नेली. विजेच्या तारांपासून थोडी दूर ठेवली आणि उंदरांच्या भीतीने प्लॅस्टिकच्या नळीतून घातली. टोकाच्या पिना दुकानातून बसवून घेतल्या की निम्मे काम झालेच. टोकाला दोन-तीन हात तार जादा ठेवावी; टेबल पुन्हा सरकणारच.

बाहेरून येणारी तार मात्र स्वतः ओढून आत नेऊ नये. ती हल्ली बहुतेक ठिकाणी काचेच्या तंतूची असते. जोरात वाकवली तर आतला प्रकाश वाटेतच गळतो किंवा तंतू तुटतो. राउटरच हलवायचा असेल तर जोडणीवाल्यालाच बोलवावे.

आणि वळवाचा पाऊस गडगडू लागला की राउटर व संगणक यांच्या विजेच्या पिना काढाव्यात, लॅन केबलही सोडवावी. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण विजेच्या खांबावरून ती घरात शिरू शकते.