लॅम्बेथचे ग्रंथालय

ल्यूथरच्या अनुयायांना ल्यूथर आणि कॅल्विनच्या अनुयायांना कॅल्विन असा एकेक मूळ आचार्य लाभला. इंग्लंडच्या चर्चला, आणि त्यातून जगभर पसरलेल्या अँग्लिकन परंपरेला, तसा कोणी लाभला नाही. या परंपरेचे ईश्वरविज्ञान, म्हणजे ईश्वर, तारण आणि उपासना यांविषयीचा तिचा पद्धतशीर विचार, प्रार्थनापुस्तकांत, प्रवचनांत, धर्मन्यायालयांच्या दप्तरांत आणि बिशपांच्या पत्रव्यवहारांत विखुरलेले असल्यामुळे, कोणता ग्रंथ आधी हाती घ्यावा हीच अभ्यासकाची पहिली अडचण होऊन बसते. हा पसारा एके ठिकाणी पाहायचा असेल, तर लंडनमध्ये थेम्सच्या काठी, कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या निवासस्थानी असलेल्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयाची वाट धरावी लागते.

आर्चबिशप रिचर्ड बॅनक्रॉफ्ट १६१० मध्ये वारले, तेव्हा त्यांनी आपला ग्रंथसंग्रह नातलगांना न देता त्या पदावर पुढे येणाऱ्यांच्या स्वाधीन केला. मात्र तो सुरक्षित राहण्याची हमी मिळाली नाही, तर चेल्सीच्या नियोजित धर्मविद्यालयाकडे आणि तेही न जमल्यास केंब्रिज विद्यापीठाकडे जावा, अशी तजवीज मृत्युपत्रात करून ठेवली. ही खबरदारी त्या वेळी अतिरेकी वाटली असेल, पण यादवी युद्धाच्या काळात पार्लमेंटने बिशपपदेच रद्द केली, तेव्हा पुस्तके केंब्रिजला गेली आणि राजसत्ता पुन्हा स्थापन झाल्यावर लॅम्बेथला परतली. मे १९४१ मधील बॉम्बहल्ल्यात हजारो ग्रंथ जळाले किंवा खराब झाले. लॅम्बेथ पॅलेसच्या बागेच्या कडेला २०२१ मध्ये उघडलेली इमारत ही या संग्रहासाठी मुद्दाम बांधलेली पहिलीच वास्तू होय.

अभ्यासाचा आरंभ इतिहासग्रंथांनी करण्यापेक्षा प्रार्थनापुस्तकाच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून करणे अधिक फलदायी ठरते. आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांच्या १५४९ च्या पुस्तकात प्रभुभोजनाची भाकर देताना पुरोहित जे म्हणतो, त्यात ती ख्रिस्ताचे शरीर असल्याचा सूर आहे. १५५२ मध्ये तो भाग गाळून, ख्रिस्ताच्या मरणाची आठवण ठेवून आणि अंतःकरणात विश्वास बाळगून ती खावी, असा उपदेश आला. आणि एलिझाबेथ राणीच्या १५५९ च्या पुस्तकात ही दोन्ही वाक्ये एकापुढे एक जोडून दिली गेली. कोणता अर्थ घ्यायचा हे घेणाऱ्यावर सोडणारी ही जोडणी निव्वळ राजकीय तडजोड मानणारे पुष्कळ आहेत, पण अँग्लिकन स्वभाव तिच्यात जितका स्पष्ट दिसतो तितका तो या चर्चची अधिकृत मते मांडणाऱ्या एकोणचाळीस कलमांतही क्वचितच दिसतो.

यानंतर रिचर्ड हूकर यांचा चर्चच्या शासनव्यवस्थेवरील ग्रंथ वाचणे भागच आहे. त्याचे पहिले चार भाग १५९३ च्या सुमारास निघाले. खरी सावधगिरी लागते ती एकोणिसाव्या शतकातील संपादित मालिकांपाशी. ऑक्सफर्डमधील न्यूमन, कीबल व पुसी यांनी १८३३ पासून पुस्तिका काढून, इंग्लंडचे चर्च हे प्राचीन कॅथलिक चर्चचीच शाखा आहे, असे मांडले. त्यावर धर्मसुधारणेच्या कैवाऱ्यांनी पार्कर सोसायटी स्थापून सोळाव्या शतकातील सुधारकांचे लेखन पन्नासहून अधिक खंडांत छापले, तर ऑक्सफर्डच्या बाजूने अँड्रूज, लॉड, कॉझिन अशा सतराव्या शतकातील लेखकांची वेगळी मालिका सुरू झाली. दोन्हींचे संपादन उपयुक्त असले तरी निवड निष्पक्ष नव्हती. एकाच मालिकेवर विसंबणाऱ्याला अर्धीच परंपरा भेटते.

लॅम्बेथमध्येही सगळे काही नाही. भारतातील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन मिशनरी संस्थांपैकी एसपीजीची (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) दप्तरे ऑक्सफर्डला, तर सीएमएसची (चर्च मिशनरी सोसायटी) बर्मिंगहॅमला आहेत. मराठी वाचकाला मात्र एक वाट अधिक जवळची आहे: वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाकडे १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर त्याच संघातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जो वाद घातला, तो जेराल्डिन यांनीच जपून ठेवला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.