परक्या रानातला डाव

भाताची कापणी उरकून शेते मोकळी झाली की आमच्या गावांतील पोरे तेथे चेंडूफळी मांडतात. शेत कोणाचे, हा प्रश्न त्यांस पडत नाही. धनी ओरडत आला म्हणजेच तो सुचतो. हे पाहताना आम्हांस एका दूरच्या डावाची आठवण होते. अमेरिकेच्या सैनिकांनी १८७४ साली तो मांडला. ते रान कोणाचे, हा प्रश्न तेथे आजही मिटलेला नाही.

त्यांच्या चेंडूफळीस बेसबॉल म्हणतात. प्रत्येक बाजूस नऊ गडी. गोल दांड्याने चेंडू टोलवायचा, चौकोनाच्या कोपऱ्यांना क्रमाने शिवायचे आणि मूळ जागी सुखरूप परतायचे, की एक धाव पदरी पडली. त्या काळी चेंडू खांद्यावरून न फेकता हात खाली ठेवूनच टाकावा लागे, आणि झेलणाऱ्यांच्या हातांत बहुधा मोजे नसत. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हा खेळ छावण्या-छावण्यांतून पसरला. पुढे तर डबलडे नावाच्या एका सेनापतीने तो १८३९ साली कूपर्सटाउन गावी शोधून काढला, अशी आख्यायिकाही उठली. वास्तविक त्या वर्षी तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता! जनकाचा मान योद्ध्याला देण्याची हौस मनुष्यास फार.

युद्ध संपल्यावर उरलेले सैन्य पश्चिमेकडील ठाण्यांवर विखुरले. तेथील शिपायाच्या जिण्याची कल्पना वाचकांस करून देणे अवश्य आहे. महिन्याचा पगार तेरा डॉलर, आणि तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. लढाईचे प्रसंग थोडेच. बाकीचे दिवस लाकडे तोडणे, घोडे खरारणे आणि पहारा देणे यांत जात. हिवाळ्यात नद्या गोठत. १८६७ पासूनच्या पंचवीसेक वर्षांत भरती झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश शिपाई पळून गेले. घर नाही, गाव नाही, दारू मात्र आहे. अशा ठिकाणी एक चेंडू आणि एक दांडा यांनी किती माणसांस सावरले असेल, हे गावकुसात राहणाऱ्या आम्हां लोकांस सहज उमगणार नाही.

या शिपायांत आयर्लंड आणि जर्मनीहून पोटासाठी आलेले पुष्कळ होते. सातव्या घोडदळातील कॅप्टन माइल्स किओ हा आयरिश कॅथोलिक तर १८६० साली पोपमहाशयांच्या सेनेत लढलेला होता. त्याच घोडदळातील कॅप्टन फ्रेडरिक बेंटीन याच्या ‘एच’ कंपनीने आपला बेसबॉल संघ काढला व त्यास कॅप्टनचेच नाव दिले. फर्स्ट सार्जंट जोसेफ मॅककरी हा त्यांचा चेंडू टाकणारा गडी. त्यांचे ठाणे डकोटा प्रांतात मिझुरी नदीकाठी होते. त्याचे नाव फोर्ट राइस.

या फोर्ट राइसची आम्हांस आणखी एका कारणाने ओळख आहे. बेल्जियमचे येशूसंघीय फादर द स्मेट १८६८ च्या जून महिन्यात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, लकोटा लोकांचा नायक सिटिंग बुल याच्या तळावर गेले आणि तहाची बोलणी करून आले. सिटिंग बुलने स्वतः सही केली नाही, परंतु आपली माणसे पाठविली. २ जुलै १८६८ रोजी फोर्ट राइस येथे त्यांनी तहावर खुणा केल्या. ब्लॅक हिल्स हे डोंगर लकोटांचेच राहतील आणि त्यांच्या अनुमतीवाचून गोऱ्यांनी तेथे वस्ती करू नये, असे त्यात ठरले. फादर १८७३ साली वारले. पुढे काय झाले ते पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही.

बरोबर सहा वर्षांनी, २ जुलै १८७४ रोजी, जनरल कस्टर सुमारे हजार माणसे, शंभरांवर गाड्या आणि वाजंत्र्यांचा ताफा घेऊन त्याच डोंगरांकडे निघाला. सरकारी कामासाठी प्रवेश करता येईल अशी एक पळवाट तहात होती, तिचा आधार घेण्यात आला. जुलैच्या अखेरीस फ्रेंच क्रीक ओढ्याकाठी तळ पडला. हिरवे खोरे, भोवती देवदार, सुखद हवा. तेथे फोर्ट लिंकन आणि फोर्ट राइस येथील शिपायांचा सामना रंगला. त्या डोंगरांतला हा बेसबॉलचा पहिला सामना म्हणतात.

त्याच दिवसांत, त्याच ओढ्याच्या वाळूत, बरोबरच्या खाणकऱ्यांस सोन्याचे कण सापडले.

तेरा डॉलरांवर राबणाऱ्या त्या पोरांस आम्ही दोष देत नाही. एका सुटीच्या दिवशी ते धावले, हसले, भांडलेही असतील. परंतु ज्यांनी त्यांस तेथे नेले त्यांना रान कोणाचे ते पक्के ठाऊक होते. सोन्याची वार्ता पसरली आणि लोंढेच्या लोंढे डोंगरांत घुसले. सरकारने डोंगर विकत मागितले, लकोटांनी नकार दिला, आणि १८७६ साली युद्ध पेटले. २५ जून रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टर आपल्या पाच कंपन्यांसह मारला गेला. किओही तेथेच पडला. बेंटीनची कंपनी काही मैलांवरच्या टेकडीवर वेढली गेली होती म्हणूनच तिचे बहुतेक लोक वाचले. चेंडू टाकणारा मॅककरी तेथे जखमी झाला.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून ते डोंगर घेतले. १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे घेणे भरपाईवाचून झाले असे ठरवून व्याजासह दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देवविली. आज ती वाढून एक अब्जावर गेली आहे. लकोटांनी तिला हात लावलेला नाही. आम्हांस डोंगर हवेत, पैसा नको, असे ते म्हणतात. फ्रेंच क्रीकच्या त्या खोऱ्यात मात्र आज एक गाव वसले आहे, आणि त्याचे नाव कस्टर आहे.