एक संगणक, अनेक टेबले

कराडच्या आसपासच्या एखाद्या सहकारी साखर कारखान्याचे १९८० च्या दशकातले ऑफिस डोळ्यांपुढे आणा. काट्यावर उसाच्या गाड्यांचे वजन होते, शेतकी खात्यात उसाच्या नोंदी, अकाउंट्समध्ये सभासदांची बिले, स्टोअरमध्ये मालाची आवक-जावक. टेबले वेगळी असली तरी हिशेब एकमेकांत गुंतलेला. त्या काळी एक संगणक घेणे हीच मोठी गोष्ट होती, टेबलागणिक एक घेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि डॉसवर चालणाऱ्या पीसीसमोर एका वेळी एकच माणूस बसू शकत असे. अशा ऑफिसाला खरा उपयोग होता तो एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा.

मोठ्या संगणकांवर ही सोय आधीपासून होती. बेल लॅब्समध्ये १९६९ साली सुरू झालेले युनिक्स त्यातले सर्वांत दूरवर पोचलेले. छोट्या आठ-बिटी संगणकांसाठी डिजिटल रिसर्च कंपनीने १९७९ मध्ये एमपी/एम आणले. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने एटी अँड टीकडून युनिक्सचा परवाना घेतला आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये त्यावर बेतलेल्या झेनिक्सची घोषणा केली. पुढे डॉसमुळे घरोघरी पोचलेल्या या कंपनीने त्याआधीच बहुवापरकर्ता प्रणालीवर पैज लावली होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. सांता क्रूझ ऑपरेशन, म्हणजे एससीओ या कंपनीने १९८३ मध्ये झेनिक्स पीसीवर आणले.

मग एका यंत्रावर अनेकांचे काम चालते कसे? एक प्रोसेसर एका क्षणी एकच काम करतो. पण घड्याळाच्या ठोक्यासरशी प्रणाली चालू काम थांबवते, ते कुठवर आले याची नोंद ठेवते आणि दुसऱ्याची पाळी लावते. हे इतक्या वेगाने घडते की प्रत्येकाला यंत्र आपलेच वाटते. अवघड भाग वेगळाच आहे: एकाचा बिघडलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मेमरीत शिरू नये. सुरुवातीच्या पीसीतल्या ८०८८ चिपमध्ये त्याला अडवण्याची सोयच नव्हती. १९८४ च्या पीसी एटीमध्ये ८०२८६ आली, तिच्या प्रोटेक्टेड मोडने ती भिंत उभी केली आणि झेनिक्सला भरवशाचे घर मिळाले.

दुसरी गरज नोंदींची. एकाच खात्यावर दोन काउंटरवरून एकदम रक्कम काढली गेली तर शिल्लक चुकणार. म्हणून एकाने नोंद उघडली की ती कुलूपबंद करायची आणि दुसऱ्याला थांबवायचे. झेनिक्समध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय घातली. माझ्या मते ऑफिसच्या कामासाठी या प्रणालीचा सर्वांत मोलाचा गुण तोच. रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा मांडला. त्यानंतरच्या वर्षांत युनिक्सच्या कुळातल्या प्रणाली बँकांमध्ये रुजल्या, त्यामागे पैशाच्या हिशेबाला लागणारी अशी शिस्त होती.

टेबलावर असायचा तो डंब टर्मिनल: काळा पडदा, २४ ओळी, ८० अक्षरे आणि मागून मुख्य यंत्राकडे गेलेली सिरियल केबल. लॉगइन, पासवर्ड, मग मेनू. मुख्य यंत्र थेट बटन दाबून बंद करायचे नाही, हा पहिला धडा, कारण ताज्या नोंदी काही काळ मेमरीतच असत. वीज गेली की पुन्हा सुरू करताना डिस्कची तपासणी आलीच, म्हणून यूपीएस जपावा लागे.

पण हे सगळे इंग्रजीत. इथे पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने केलेले काम मला फार मोठे वाटते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि मोहन तांबे यांनी पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकने टर्मिनलमध्ये बसवले. ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावायचा नाही. फाइलमध्ये फक्त अक्षरांचे कोड ठेवायचे आणि काना, वेलांटी, जोडाक्षरे टर्मिनलनेच पडद्यावर घडवायची. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये सभासदाचे नाव देवनागरीत भरता येऊ लागले. कराडचेच पृथ्वीराज चव्हाण राजकारणात येण्यापूर्वी इंजिनिअर म्हणून भारतीय भाषांच्या संगणकीकरणात काम करत होते, हेही इथे नोंदवायला हवे.

पुढे पीसी स्वस्त झाले, नेटवर्क आले आणि टर्मिनल टेबलावरून गेले. जिस्टमागची इस्की ही संकेतप्रणाली मात्र १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. युनिकोडमधला देवनागरीचा विभागही १९८८ च्या इस्कीवरच बेतला आहे; आज फोनवर मराठी लिहिताना अक्षरांना मिळणारे क्रमांक त्याच मांडणीतून आले आहेत.