ओळख पाहू, विमान कुणाचं?

एक कोडं घालू का? जळगावच्या विमानतळावर ते पंख्याचं विमान उतरतं ना? दोन पंखे भिरभिर फिरवणारं, मागच्या दाराने माणसं आत घेणारं? ते बनवणाऱ्या कंपनीचा अर्धा मालक कोण असेल, सांग बरं!

कर विचार. घाई नाही.

नाही सुचत? मग ऐक. त्या विमानाचं नाव एटीआर. आणि एटीआरची अर्धी मालकी आहे चक्क एअरबसकडे! उरलेली अर्धी इटलीतल्या लिओनार्दो कंपनीची. फ्रान्समध्ये तुलूझ नावाचं शहर आहे, तिथे ही विमानं जोडतात. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या विमानांच्या स्पर्धेतला एक गडी, निम्मा का होईना, आपल्या केळीच्या मुलखात येऊन-जाऊन असतो!

आणि त्याचा प्रतिस्पर्धी? तो अमेरिकेत राहतो. त्याचं नाव बोइंग.

आता गंमत बघ. जगात सायकली बनवणाऱ्या कंपन्या किती! मोबाइल बनवणाऱ्या किती! पण दोन-तीनशे माणसं पोटात घेऊन समुद्र ओलांडणारं विमान हवं असेल, तर विचारायला दारं जवळजवळ दोनच. एक बोइंगचं, एक एअरबसचं. एवढ्या मोठ्या जगात फक्त दोन!

बोइंग वयाने मोठी. १९१६ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात विल्यम बोइंग नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याने ती सुरू केली. तिचं पहिलं विमान लाकूड, कापड आणि तारा वापरून केलेलं होतं. पुढे मात्र बोइंगने अशी झेप घेतली की विचारू नकोस! १९६० मध्ये आपल्या एअर इंडियाने पहिलं जेट घेतलं, ते बोइंग ७०७. १९७१ मध्ये भलंथोरलं जम्बो जेट घेतलं, तेही बोइंगचंच.

आणि युरोप? तिथे फ्रान्सची विमानं वेगळी, इंग्लंडची वेगळी, जर्मनीची वेगळी. शेजारच्या गल्लीची टीम तगडी, आणि आपल्या गल्लीतली पोरं मात्र चार वेगवेगळ्या टीम करून खेळतात, असं झालं तर काय होईल? दर सामन्यात हार! युरोपचं तेच होत होतं. मग १९७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनी एकत्र आले आणि एअरबस जन्माला आली. नंतर स्पेन आला. मग ब्रिटनही आला.

तिचं पहिलं विमान ए ३००. ते २८ ऑक्टोबर १९७२ ला उडालं. तोवर आत दोन-दोन वाटा असलेल्या रुंद विमानाला तीन किंवा चार इंजिनं लागत. हे फक्त दोनच इंजिनांवर उडालं! तरी सुरुवातीला गिऱ्हाइकं फार थोडी मिळाली. त्या थोड्यांमध्ये कोण होतं, ठाऊक आहे? आपली इंडियन एअरलाइन्स! १९७६ मध्ये ए ३०० भारतात आलं. एअरबस अगदी नवखी होती, तेव्हा तिच्यावर विश्वास टाकणाऱ्यांत आपण होतो. मला ही गोष्ट फार आवडते.

आता खरी धमाल गोष्ट. सावरून बस!

चार देशांनी मिळून विमान करायचं म्हणजे कामं वाटून घ्यायची. पंख ब्रिटनमध्ये. धडाचे मोठे तुकडे जर्मनीत आणि फ्रान्समध्ये. शेपटीचे भाग स्पेनमध्ये. आणि हे सगळं जोडायचं तुलूझला. पण एवढा मोठा पंख तुलूझला न्यायचा कसा? तो काही दुमडून पिशवीत घालता येत नाही! रस्त्यावरून नेला तर वळणावर अडकणार. बोटीने नेला तर वेळ जाणार.

मग एअरबसने शोधलं एक विचित्र विमान. त्याचं नाव सुपर गप्पी!

गप्पी मासे तुला माहीत असतीलच. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडतात, ते इवले मासे. पोट केवढं टम्म असतं त्यांचं! या विमानाचं पोटही तसंच टम्म. आतून २५ फूट रुंद! टेप घेऊन तुझ्या वर्गाची खोली मोज एकदा, म्हणजे कळेल. आणि सामान भरायचं कसं? विमानाचं अख्खं तोंडच बाजूला उघडायचं, वैमानिकाच्या खोलीसकट! पंख आत सरकवायचा, तोंड मिटायचं, की निघाली स्वारी.

आता सांग, ही सुपर गप्पी कशापासून बनवलेली होती?

बोइंगच्या जुन्या विमानापासून!

हो, हो, बरोबर वाचलंस! बोइंगचं स्ट्रॅटोक्रूझर नावाचं जुनं प्रवासी विमान होतं. दुसऱ्याच एका अमेरिकी कंपनीने तशी विमानं घेऊन, कापून, फुगवून त्यांच्या गप्पी केल्या होत्या. हे गप्पी घराणं मुळात जन्माला आलं ते चंद्रमोहिमांच्या रॉकेटचे अवजड भाग वाहण्यासाठी. पण त्यातल्या चार सुपर गप्पी एअरबसकडे राबल्या, थेट १९९० च्या दशकापर्यंत. म्हणजे बघ हं! एअरबस बोइंगशी स्पर्धा करायला विमान बनवतेय आणि त्या विमानाचे पंख येताहेत बोइंगच्याच पंखांवर बसून! विमानवाल्या मंडळींमध्ये तेव्हा याची खूप गंमत चालायची. त्यांतली एक गप्पी पुढे अमेरिकेच्या नासाकडे गेली.

नंतर एअरबसने स्वतःचं मालवाहू विमान केलं, बेलुगा. बेलुगा म्हणजे एक पांढरा देवमासा. या विमानाचं कपाळ पुढून वर उघडतं. त्याच्या नव्या, मोठ्या भावंडाला तर डोळे आणि हसरं तोंडही रंगवलंय! ते हसू कुणी निवडलं? एअरबसच्या कर्मचाऱ्यांनी, चक्क मतदान करून! बोइंग तरी मागे कशी राहील? तिने चार जम्बो जेट विमानं फुगवून ड्रीमलिफ्टर केली. त्यांचं तोंड नाही उघडत, शेपूट बाजूला वळतं! जपानमध्ये बनलेले पंख त्यांतून अमेरिकेला जातात.

चल, आता तुला विमान ओळखायला शिकवू. मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर गेलास किंवा गेलीस, तर हे नक्की करून बघ. इंडिगोची बहुतेक जेट विमानं एअरबसची, ए ३२० घराण्यातली. अकासा एअरची सगळी बोइंग ७३७. पण नाव वाचायचं नाही हं! नाव झाकून ओळखायचं.

आधी शेपटी बघ. शेपटीचा उभा पंख पाठीतून सरळ वर गेला असेल, तर एअरबस ए ३२०. पंखाच्या पायथ्याशी पुढे एक जास्तीचा तिरका त्रिकोण दिसला, तर बोइंग ७३७. मग नाक बघ. गोलसर नाक एअरबसचं, टोकदार नाक बोइंगचं. अकासाच्या इंजिनाची मागची कड तर करवतीसारखी दातेरी असते. ते दाते कशाला? आवाज कमी व्हावा म्हणून!

आणि विमान डोक्यावरून चाललं असेल तर पोट बघ. ७३७ ची मुख्य चाकं पोटात जातात, पण त्यांच्यावर झाकणच बसत नाही! खालून दोन काळ्या चकत्या स्पष्ट दिसतात.

७३७ जमिनीला फार लागून असतं, तेही बघून ठेव. ते पहिल्यांदा उडालं १९६७ मध्ये. तेव्हा लहान विमानतळांवर सामान चढवायची यंत्रं नसायची. विमान बुटकं असलं की हातानेच बॅगा चढवता येत. हुशारी होती ती! पण पुढे इंजिनं जाड होत गेली आणि बुटक्या विमानाखाली त्यांना जागा पुरेना. म्हणून ७३७ च्या काही इंजिनांचं तोंड खालून चपटं केलेलं आहे.

यापुढची गोष्ट हसत सांगण्यासारखी नाही, पण ती तुला माहीत असायला हवी. २०१० च्या डिसेंबरमध्ये एअरबसने जाहीर केलं की ए ३२० ला नवी, कमी इंधन पिणारी इंजिनं लावणार. बोइंगने घाईने २०११ मध्ये ७३७ मॅक्स जाहीर केलं. नवं इंजिन आणखी जाड होतं. ते थोडं पुढे आणि वर बसवावं लागलं. त्यामुळे काही वेळा विमानाचं नाक जास्त वर जाईल अशी शंका होती, म्हणून नाक आपोआप खाली ढकलणारा एक संगणकी प्रोग्राम घातला. तो एकाच संवेदकाचं ऐकायचा. संवेदक म्हणजे मोजमाप सांगणारं उपकरण. ते चुकलं की प्रोग्रामही चुकायचा. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात असे दोन अपघात झाले. ३४६ माणसं गेली. मग जगभरची मॅक्स विमानं जमिनीवर थांबवली. जवळजवळ वीस महिने अमेरिकेतही त्यांना उडायची परवानगी नव्हती. आता तो प्रोग्राम दोन संवेदकांची मोजमापं ताडून पाहतो. आधीपासूनच तसं असायला हवं होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

बरं, वैमानिकाच्या खोलीत डोकावायचंय? चल!

बोइंगमध्ये वैमानिकासमोर एक मोठा दांडा असतो, वर दोन मुठी असलेला. तो दोन्ही हातांनी धरता येतो. एअरबस ए ३२० मध्ये समोर काहीच नाही! बाजूला एक छोटीशी काडी, व्हिडिओ गेमच्या जॉयस्टिकसारखी. डावीकडे बसणारे कॅप्टन ती डाव्या हाताने हलवतात. ती हलली की तारांमधून संगणकाला संदेश जातो आणि संगणक पंखांच्या झडपा हलवतो. मग समोरच्या मोकळ्या जागेचं काय केलं? तिथे बाहेर ओढायचं टेबल बसवलं! कॅप्टन त्यावर कागद ठेवतात आणि जेवतातही. बोइंगचे वैमानिक मात्र ताट मांडीवर घेतात.

म्हणूनच ए ३२० शिकलेल्या वैमानिकाला उद्यापासून ७३७ चालव म्हटलं, तर चालत नाही. त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्या धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी छोटी विमानं उडवायला शिकतात. जे. आर. डी. टाटा याच क्लबात शिकले होते. १९२९ मध्ये त्यांना भारतातला वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला! गोंदूरच्या आकाशात घिरट्या घालणारं कुणीतरी पुढे काडी धरेल, कुणी दांडा.

मग जळगावला ही मोठी जेट का येत नाहीत? धावपट्टीमुळे! ती पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे. भरलेल्या मोठ्या जेटला साधारण दोन-अडीच किलोमीटर तरी हवेत. एटीआरला मात्र तेवढी धावपट्टी भरपूर होते.

आणि भारत कुणाच्या बाजूने? दोघांच्या! २०२३ मध्ये एअर इंडियाने एकदम ४७० विमानं मागवली. २५० एअरबसकडून, २२० बोइंगकडून. त्याच वर्षी इंडिगोने एअरबसकडे एका दमात ५०० विमानं मागितली. पाचशे!

आपण नुसतं विकत घेतो असं समजू नकोस हं! बेळगावजवळ हत्तरगीला एकस नावाच्या कंपनीचे कारखाने आहेत. तिथे विमानांचे सुटे भाग होतात. कुणासाठी? एअरबससाठी. आणि बोइंगसाठीसुद्धा! तिकडे दोघांची चुरस, इकडे दोघांचं काम एकाच आवारात.

आणि नागपूरच्या मिहानमध्ये टाटांचा एक कारखाना आहे. तिथे बोइंग ७८७ च्या जमिनीखालच्या तुळया बनतात, कार्बनच्या धाग्यांच्या. वजनाला हलक्या, ताकदीला दणकट. कधी ७८७ मध्ये बसायला मिळालं, तर आपल्या जागेकडे जाताना शेजारच्या काकांना खुशाल सांग: पायाखाली गालिचा आहे, गालिच्याखाली फळी आहे आणि फळीखाली नागपूर आहे!