पोलिसी बळाचा वापर : निर्णयाची प्रक्रिया आणि विधिमान्य मर्यादा

प्रस्तावना :
लोकशाही राज्यव्यवस्थेत नागरिकांवर बळ वापरण्याचा अधिकार राज्यसंस्थेकडे असतो आणि त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी पोलिसांच्या हातून होते. हा अधिकार किती प्रमाणात व केव्हा वापरावा याचा निर्णय मात्र मंत्रालयात होत नाही. बहुतेक वेळा तो रस्त्यावर, काही क्षणांत, एखाद्या पोलीस उपनिरीक्षकाला घ्यावा लागतो. नंतर त्याच क्षणांची छाननी चौकशी आयोग व न्यायालये वर्षानुवर्षे करीत राहतात. प्रस्तुत लेखात हा निर्णय कोणत्या आधारावर घेतला जातो आणि तो कोठे चुकतो, याचे महाराष्ट्रातील काही घटनांच्या आधारे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याची चौकट :
पोलिसांच्या बळवापरास कायद्यात प्रामुख्याने तीन आधार आहेत. पहिला अटकेचा. अटकेस विरोध झाल्यास आवश्यक ते सर्व उपाय योजता येतात. परंतु मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. दुसरा आधार खाजगी संरक्षणाच्या हक्काचा. हा हक्क पोलिसाला सामान्य नागरिकाप्रमाणेच आहे, त्याहून अधिक नाही. संरक्षणासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, हे बंधन दोघांनाही सारखेच लागू होते.

तिसरा आधार जमाव पांगवण्याचा. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १२९ ची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आली आहे. तीनुसार कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या अनुपस्थितीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी जमावास पांगण्याचा आदेश देऊ शकतो. करमसिंग विरुद्ध हरदयालसिंग (१९७९) या खटल्यात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने बळवापरापूर्वीच्या तीन अटी स्पष्ट केल्या. जमाव बेकायदेशीर असावा किंवा त्यापासून शांतताभंगाचा संभव असावा, त्याला पांगण्याचा आदेश दिलेला असावा आणि आदेशानंतरही तो पांगलेला नसावा.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ‘शक्य तितके कमी बळ व कमी इजा’ हे शब्द संहितेत सशस्त्र सेनादलांविषयीच्या कलमात आहेत. पोलिसांविषयीच्या कलमात ते नाहीत. पोलिसांसाठी किमान बळाचे तत्त्व आले ते आचारसंहिता, पोलीस नियमावली आणि न्यायनिर्णय यांतून. पोलीस महानिरीक्षकांच्या १९६४ च्या परिषदेने स्वीकारलेल्या आदर्श नियमांत बळाचा हेतू शिक्षा करणे हा नसावा, गोळीबारापूर्वी स्पष्ट इशारा द्यावा, नेम खालच्या बाजूस धरावा आणि जमाव पांगू लागताच गोळीबार थांबवावा, असे सांगितले आहे. हवेत गोळीबार करण्यासही हे नियम मनाई करतात, कारण हवेत झाडलेली गोळी कोठेतरी खाली येतेच. वृत्तपत्रांतून नित्य वाचावयास मिळणारा ‘सौम्य लाठीमार’ हा शब्दप्रयोग मात्र कोणत्याही कायद्यात आढळत नाही.

निर्णय कोठे चुकतो :
११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी उघडकीस आले. संतप्त रहिवासी महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात १० जणांना प्राण गमवावे लागले. जमाव ज्वलनशील वायूचा टँकर पेटवून देण्याच्या बेतात होता, असे समर्थन पोलिसांकडून करण्यात आले. न्या. गुंडेवार आयोगाने मात्र गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या उपनिरीक्षकास सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीन मिळाला.

या प्रकरणात दोन भिन्न आधारांची सरमिसळ झालेली दिसते. जमाव पांगवणे ही आदेश, इशारा आणि प्रतीक्षा अशा टप्प्यांनी जाणारी प्रक्रिया आहे; खाजगी संरक्षण ही तात्काळ व निश्चित धोक्याला दिलेली प्रतिक्रिया आहे. पहिल्या प्रक्रियेचे टप्पे गाळले गेले की घटनेनंतर दुसऱ्या आधाराचा आसरा घेतला जातो. मग धोका किती अंतरावर होता, नेमका कोणापासून होता आणि ज्यांना गोळी लागली तेच तो निर्माण करीत होते काय, हे प्रश्न अपरिहार्य ठरतात. ‘जमाव’ हा शब्द येथे फसवा आहे, कारण गोळी जमावाला लागत नाही, व्यक्तीला लागते.

बळाची पायरी जितकी खालची तितकी हानी कमी, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे विधिमंडळाच्या अधिवेशनकाळात निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात लाठीमार व चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुलांची संख्या मोठी होती. तेथे बंदुकीची गोळी नव्हे, तर बाहेर पडण्यासाठी मोकळी वाट नसणे प्राणघातक ठरले. म्हणून कोणते साधन वापरावे याइतकाच, किंबहुना त्याहून अगोदर, लोकांनी जावे कोणीकडे, हा प्रश्न अधिकाऱ्याने स्वतःला विचारणे आवश्यक आहे.

मराठवाड्याचा अनुभव याहून वेगळा नाही. १९७४ साली वसमत येथील गोळीबारात दोन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला आणि नोकऱ्यांच्या मागणीतून उभे राहिलेले आंदोलन मराठवाडा विकास आंदोलनाच्या रूपाने विभागभर पसरले. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणस्थळी झालेल्या लाठीमारानंतर गृहखाते सांभाळणाऱ्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी क्षमायाचना केली. दोन्ही वेळी बळवापराने आंदोलन शमले नाही, उलट ते विस्तारले.

तालुका पातळीवरील स्थिती :
बिलोलीसारख्या सीमावर्ती तालुक्याच्या ठिकाणी या निर्णयाला काही विशेष पैलू प्राप्त होतात. मनुष्यबळ मर्यादित असते आणि नांदेडहून अधिक कुमक येईपर्यंतचा काळ हाताशी असलेल्या मोजक्या शिपायांनिशीच काढावा लागतो. संख्येने कमी असलेली तुकडी अधिक संयमी असते असे नाही. घेरले जाण्याच्या भीतीने ती वरच्या पायरीवर लवकर पोहोचण्याचा धोका असतो. दुसरा पैलू भाषेचा. येथील बाजारात मराठीबरोबर तेलुगू व उर्दूही कानी पडते. पांगण्याचा आदेश ध्वनिक्षेपकावरून दिला गेला, अशी नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत सहज होते. तो मागच्या रांगेतील माणसाला ऐकू आला काय आणि समजला काय, याची नोंद होत नाही. तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने उपस्थित असल्यास आदेश देणारी व बळ वापरणारी व्यक्ती वेगळी राहते. या विभागणीचे महत्त्व आपल्याकडे पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बळ केव्हा सुरू करावे याविषयी नियम बरेच बोलतात. ते केव्हा थांबवावे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने अनिता ठाकूर विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य (२०१६) या प्रकरणात हाताळला. २००७ मधील कटरा येथील त्या मोर्चात प्रारंभी बळ वापरण्यास कारण असू शकले, तरी आंदोलक नियंत्रणात आल्यानंतरही चालू राहिलेली मारहाण न्यायालयाने अतिरेकी ठरवली आणि राज्याने याचिकाकर्त्यांना नुकसानभरपाई द्यावी असा आदेश दिला.