पकडीचे मोल

मुळशी धरणाच्या परिसरातील माले गावाहून बालेवाडीचे क्रीडासंकुल फार दूर नाही. 29 डिसेंबर 2024 रोजी याच संकुलात हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सचा 32-23 असा पराभव करून प्रो कबड्डीचे अजिंक्यपद मिळविले. विजेत्या संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलोई होता. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणेरी पलटणने अजिंक्यपद पटकावले, तेव्हाही तो विजेत्यांत होता. त्या हंगामात त्याने पकडीचे 99 गुण मिळविले होते. लागोपाठच्या दोन विजेत्या संघांत एकच पकडबहाद्दर असावा, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही.

तथापि बाजारात पारडे चढाईपटूचेच जड राहिले आहे. 2018 च्या लिलावात बचावपटू फझल अत्राचलीला 1 कोटी रुपये मिळाले, तर चढाईपटू मोनू गोयतला 1.51 कोटी. 2023 मध्ये शादलोईची बोली 2.35 कोटींवर थांबली. पवन सेहरावतची 2.60 कोटींच्या पुढे गेली. याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. चढाईचे श्रेय एकट्याचे असते व ते मोजता येते. पकड हे संयुक्त उत्पादन होय. कोपरारक्षक घोटा धरतो, साखळीतील सहकारी चढाईपटूला मध्यरेषेपासून रोखतात, आणि गुण मात्र एकाच्याच नावावर जमा होतो. बचावाच्या धाकाने जी चढाई रिकामी परतली, तिची तर कोणाच्याच खात्यावर नोंद होत नाही.

2018 च्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला उपांत्य फेरीत 27-18 असे नमविले. 1990 पासून अखंड राखलेले पुरुषांचे सुवर्णपद त्या दिवशी गेले. त्या भारतीय संघात कल्याणचा डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाक होता. महाराष्ट्राच्या मैदानांनी असे अनेक बचावपटू घडविले. त्यांच्या उत्तरायुष्याचा विचार मात्र फारसा झाला नाही.

हा विचार आता टाळता येणार नाही. पकड करणाऱ्याचे खांदे आणि गुडघे हेच त्याचे भांडवल, आणि त्याची झीज प्रत्येक सामन्यागणिक होत असते. पूर्वी भारत पेट्रोलियम, रेल्वे, एअर इंडिया यांसारख्या संस्था खेळाडूला कायमची नोकरी देत. ती नोकरी म्हणजेच त्याचा विमा आणि निवृत्तिवेतन असे. एअर इंडिया 2022 मध्ये खासगी मालकीची झाली. लीगचा करार मोठी रक्कम देतो, परंतु हंगामापुरती.

अमेरिकी फुटबॉल हाही प्रतिस्पर्ध्याला अंगाने रोखण्याचा खेळ. तेथील व्यावसायिक खेळाडूंची संघटना 1956 मध्ये स्थापन झाली, आणि तीन हंगाम पुरे करणाऱ्यास आज निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. हा हक्क मालकांच्या औदार्यातून आलेला नाही. संघटित सौदाशक्तीने तो टिकविला व वाढविला आहे. आपल्याकडे लीगच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा खेळाडूंच्या निवृत्ती व वैद्यकीय निधीसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. त्या निधीचा लाभ करार संपल्यानंतरही मिळाला पाहिजे.

मालेसारख्या गावातील मुलगा मातीच्या मैदानावर घोटा धरण्याचा सराव करतो, तेव्हा त्याचे आईवडील त्याला अडवीत नाहीत. पस्तिशीनंतर त्याचे काय होणार, या त्यांच्या प्रश्नाला कबड्डीच्या सूत्रधारांनी उत्तर दिले पाहिजे.